माझ्या नावाचा तुकडा

आबा गेले आणि महिनाभराने भावाचा फोन आला. "सोमवारी यावलला ये, बाई. हक्कसोडाचं करून टाकू. आधार कार्ड आन् फोटो घेऊन ये. माय बी येऊन राह्यली." त्याच्या आवाजात काही लपवाछपवी नव्हती. गॅस सिलिंडरची नोंदणी करायची असावी इतक्या सहज तो बोलत होता. मीही "येते" म्हटलं आणि फोन ठेवला.

आमचं गाव फैजपूरजवळचं. केळीचा पट्टा. भाऊ माझ्यापेक्षा मोठा, आम्ही दोघंच भावंडं. लग्नानंतर मी धुळ्याला आले आणि इथेच एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायला लागले. आबांच्या पश्चात सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं अशी तिघांची नावं लागली होती. आता आई आणि मी आमचा हिस्सा भावासाठी सोडून द्यायचा, म्हणजे सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर होईल. आमच्याकडे बहुतेक बहिणी हेच करतात. सही झाली की भाऊ हॉटेलात जेवायला नेतो, वहिनी साडी देते, आणि बहीण समाधानाने सासरी परत जाते. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

पण त्याच्या आदल्या वर्षी वर्गात एक गोष्ट घडली होती. मी हक्कांचं प्रकरण शिकवत होते. फळ्यावर तीन रकाने आखले होते. एकात कायद्याने मिळणारे हक्क, दुसऱ्यात नैतिक हक्क, तिसऱ्यात राजकीय हक्क. कायद्याचा हक्क कोर्टात मागता येतो, नैतिक हक्क फक्त माणसाच्या मनाकडे मागता येतो, असं मी दरवर्षीप्रमाणे सांगत होते. मुलींच्या वारसाहक्काचं उदाहरण दिलं. हक्क गरजेवर अवलंबून नसतो, ज्याला गरज नाही त्यालाही तो असतो, हेही सांगितलं. तेव्हा साक्रीकडून येणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही घेतला का तुमच्या माहेरचा?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "माझे वडील आहेत अजून." तीही हसून खाली बसली. पण तास संपवून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं मला आवडलं नाही.

सोमवारी मी सकाळच्या एसटीने निघाले. नवऱ्याने दारात एवढंच म्हटलं, "घे किंवा सोड, काहीही कर. पण नंतर रडत बसू नकोस." तो जिल्हा परिषदेत आहे. कागदावरची भांडणं त्याने पुष्कळ पाहिलेली आहेत.

निबंधक कार्यालयाबाहेर भाऊ, वहिनी आणि आई लिंबाखालच्या बाकावर बसले होते. आईच्या हातात पाण्याची बाटली होती. वहिनीने घरून डबा आणला होता. भाऊ पांढरा शर्ट घालून आला होता. आम्ही आत गेलो, तिथे दस्त लिहिणाऱ्याने तो तयारच ठेवला होता. त्याने तो आम्हाला वाचून दाखवला. "स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, भावाच्या प्रेमापोटी" असे शब्द त्यात होते. आईने "हं, हं" म्हणत ऐकलं. मी ऐकत असताना माझ्या मनात प्रेमाविषयी काहीच नव्हतं. त्या मुलीचा चेहरा होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच प्रकरण शिकवायचं आहे ही जाणीव होती.

"भाऊ, मी सही नाही करत," मी म्हटलं.

त्याला आधी वाटलं मला दस्तात काही चूक दिसली. "काय बदलायचं हाये? सांग त्याले."

"बदलायचं काही नाही. माझं नाव राहू दे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने लिहिणाऱ्याकडे पाहिलं, कारण तो ऐकत होता आणि भावाला त्याचीच लाज वाटली असावी. आम्ही बाहेर लिंबाखाली आलो. भाऊ हळू आवाजात बोलत होता. "तुले काय कमी हाये? दोघांचा पगार हाये. घर हाये."

"कमी काही नाही."

"मंग?"

"आबांचं आहे ना ते. मी त्यांची मुलगी आहे."

"तू मागितलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का? आबा व्हते तवा बोलायचं. घरात बोलायचं. इथं लोकांसमोर?"

मला म्हणायचं होतं की मागून मिळालेलं मला नको आहे, मागावं लागू नये म्हणून तर नाव ठेवायचं आहे. वर्गात मी हे वाक्य सहज बोलले असते. तिथे बोलता आलं नाही. कारण भाऊ जे बोलत होता ते खोटं नव्हतं. मी मागितलं असतं तर त्याने दिलं असतं.

आईने तिची सही करून टाकली. आम्ही डबा न खाताच पांगलो. वहिनी तेवढी एसटी स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आली.

भावाबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण त्याशिवाय मी स्वतःकडे झुकतं माप घेतल्यासारखं होईल. त्याने आयटीआय केलं होतं. दीपनगरला वीज केंद्रात त्याला शिकाऊ म्हणून घेतलं होतं. तिथल्या वसाहतीत तो एका मित्राच्या खोलीवर राहायचा आणि सुट्टीला आला की टर्बाईनच्या गोष्टी सांगायचा. मग आबांना अर्धांगाचा झटका आला. बाग उभी होती, घड निसवायला म्हणजे बाहेर पडायला आले होते. आबांनी त्याला बोलावून घेतलं आणि तो आला. मी तेव्हा जळगावला कॉलेजच्या वसतिगृहात होते. मला कुणी परत बोलावलं नाही. माझं एम.ए. पूर्ण झालं, बी.एड. झालं, नोकरी लागली. आबा पुढे काठीने चालायला लागले, पण भाऊ दीपनगरला पुन्हा गेला नाही. उन्हाळ्यातली गरम हवा, वादळात आडव्या झालेल्या बागा, रोग पडला म्हणून उपटून टाकलेली रोपं, हे सगळं त्याने काढलं. मी सुट्टीत जाऊन पिकलेली केळी खाल्ली.

यातलं काही मला सही नाकारताना माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं. तरीही माझं नाव माझंच होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि मला त्यांपैकी एकीला खोटं ठरवता येईना.

त्यानंतर भावाने निरोप पाठवला की नाव ठेवायचं असेल तर तुकडाच घे, एकत्र नको. यात राग होता, पण कायद्याने तेही बरोबर होतं. वाटणीचा अर्ज झाला. मोजणीला भूमी अभिलेखची माणसं आली त्या दिवशी मी शेतावर गेले. मोजणीदाराने यंत्र लावलं, त्याचा माणूस पट्टी धरून बागेत शिरला. माझ्या वाट्याची हद्द एका उभ्या ओळीतून जात होती. त्या ओळीतल्या झाडांना घड लागलेले होते, टेकू दिलेले होते. "ही ओळ कुणाकडे धरायची?" मोजणीदाराने विचारलं. भाऊ म्हणाला, "तिच्याकडे धरा." मी म्हटलं, "भाऊकडे धरा." मोजणीदार कंटाळून म्हणाला, "तुम्ही आधी आपसात ठरवा." शेवटी ती ओळ माझ्याकडे आली. भावाने माणसं बोलावून तिचे घड तिथल्या तिथे उतरवून घेतले आणि आईजवळ निरोप ठेवला की तुझ्या पोरीचे घड पडवीत ठेवले आहेत, घेऊन जा म्हणावं. मी ते नेले नाहीत. ते तिथेच पिकले आणि काळे पडले, असं आईनेच नंतर सांगितलं.

माझ्या तुकड्यात पाणी नव्हतं. बोअर भावाच्या वाट्यात होती. ते मी मोजणीच्या वेळी पाहिलंच नव्हतं, माझं सगळं लक्ष हद्दीवर होतं. पाण्याविना केळी होत नाही. पहिलं वर्ष तो तुकडा पडून राहिला. एरवी हिरव्या असलेल्या त्या भागात रस्त्यावरून जाणाऱ्याला तेवढीच एक उघडी जागा दिसायची. गावातले लोक ती एकमेकांना दाखवायचे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. घरून कुणीतरी मुऱ्हाळी म्हणून घ्यायला येतो, भाऊ किंवा भावाचा मुलगा. मग घागर भरतात, झोके बांधतात, सांजोऱ्या करतात. लग्न झाल्यापासून माझं आखाजीला जाणं चुकलं नव्हतं. त्या वर्षी घ्यायला कुणी आलं नाही. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "तुले कोनी नाही म्हटलं नाही. तुहं घर हाये. ये तू."

"भाऊ घ्यायला येईल का?"

ती म्हणाली, "मी माह्या भावाले काही मागितलं नाही, बाई. मरेपर्यंत तो मले न्यायले येत गेला. एक वर्ष चुकला नाही."

तिने मला टोमणा मारला नव्हता. तिच्या आयुष्यात जे तिला मिळालं ते ती सांगत होती, आणि तिला ते पुरेसं वाटलं होतं. मी त्या दिवशी धुळ्यातच पुरण घातलं. नवऱ्याने दोन वेळा मागून घेऊन खाल्लं. मला जेवण गेलं नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. प्रकरण आलं. मी फळ्यावर रकाने आखले आणि वारसाहक्काचं उदाहरण द्यायच्या वेळी दुसरंच उदाहरण दिलं. आता मला अभिमानाने सांगता आलं असतं की मी घेतला. ज्यासाठी सही केली नाही असं मला वाटत होतं, ते सांगायची वेळ आली आणि माझ्याकडून ते बोलवेना. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की मी हक्कासाठी हे केलं की वर्गात तोंड दाखवता यावं म्हणून?

दिवाळीनंतर एका शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर वहिनी एकटी उभी होती. माझ्या लग्नानंतर ती माझ्या घरी एकटी कधीच आली नव्हती. तिचं माहेर पिंपळनेरकडचं. तिकडे तिच्या भावाच्या मुलाच्या साखरपुड्याला गेली होती आणि परतताना धुळ्याला उतरली होती. माझ्या भावाला सांगून आली होती का, ते मी विचारलं नाही.

वहिनीबद्दलही एक सांगायचं आहे. ती एक कार्यकाळ आमच्या गावची सरपंच होती. जागा महिलांसाठी राखीव झाली, भावाने तिचा अर्ज भरला, ती निवडून आली. ग्रामसभेत ती खुर्चीवर बसायची आणि भाऊ शेजारी उभा राहून बोलायचा. मी वर्गात राजकीय हक्कांच्या रकान्यात हे उदाहरण देत असे. नाव न घेता, "आमच्या ओळखीतल्या एका बाई" म्हणून. मुलं हसायची. वहिनी त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये बसून चहा पीत असताना मला त्या हसण्याची फार लाज वाटली.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमचा तुकडा पडून हाये. मले द्या बटाईनं. पाणी आमच्या बोअरचं. मेहनत माही. जे येईन त्यात निम्मं तुमचं, निम्मं माह्या खात्यावर."

"भाऊच्या?"

"माह्या," ती म्हणाली. "माह्या एकटीच्या."

मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की तीही जरा दचकली. मला वाटलं, सुटले. कुणीतरी माझ्याकडून काहीतरी घेत होतं. मी तिला म्हटलं, "निम्मं कशाला, सगळं तू घे. मला काही नको."

तेव्हा ती रागावली. एरवी ती आमच्याकडची बोली बोलायची. सासरी आल्यावर तिने ती उचलली होती आणि इतकी वर्षं तिच्या तोंडून आम्ही दुसरं काही ऐकलं नव्हतं. रागाच्या भरात ती तिच्या माहेरच्या अहिराणीवर आली.

"नको कसाले? मंग घिदं कसाले?" ती म्हणाली. "ताई, तुमना हक शे. मी नही म्हनत नही. पन माले बी बापनं वावर व्हतं. माले भाऊंनी बलायं, मी गयू, सही करी दिन्ही. माले कोनी इचारं नही. आते तुमना भाऊना घरमा ऱ्हास, या बठ्ठा वावरमा काम करस. मनं नाव कोठेच नही."

नको होतं तर घेतलं कशाला, आणि इथे राबूनही माझं नाव कुठेच नाही, असं ती म्हणत होती. हिशेब सोपा होता आणि मी तो कधी केलाच नव्हता. तिच्या माहेरची जमीन तिने सोडली, ती तिच्या भावांना गेली. तिच्या सासरच्या जमिनीतून मी माझा वाटा काढून घेतला. म्हणजे बहिणींनी हक्क सोडायचा या चालीने तिचं एकदा गेलं, आणि बहिणीने हक्क घ्यायचा या कायद्याने तिच्या घरातून दुसऱ्यांदा गेलं. जी त्या मातीत रोज वाकत होती, तिला दोन्हीकडून काही मिळालं नव्हतं. आणि मी जन्माने हक्कदार, वर्षातून दोनदा गावाला जाणारी.

"वहिनी, मी सही केली नाही तेव्हा तुला राग आला होता माझा?"

ती शांत झाली होती. पुन्हा आमच्या बोलीत म्हणाली, "तुमचा नाही आला. माहाच आला."

निघताना ती चप्पल घालता घालता थांबली. भिंतीवर माझ्या सासू-सासऱ्यांचा फोटो आहे, त्याकडे बघून तिने सहज विचारलं, "हे घर यांचं ना? मंग तुमच्या नणंदेनं काय केलं? सही?"

"हो," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. तिच्या "हं"मध्ये काही सुनावणं नव्हतं. तिला फक्त माहिती हवी होती. मी तिला स्टँडवर सोडून आले.

आम्ही राहतो ते घर सासऱ्यांचं. ते गेल्यावर माझ्या नवऱ्याच्या नावावर झालं. त्याची एकच बहीण, त्याच्याहून लहान, जळगावला असते. तिने हक्कसोडाची सही केली त्या दिवशी मीच तिला साडी दिली होती. मोरपंखी रंगाची. ओटी भरली होती. तिने मला नमस्कार केला होता. मी राज्यशास्त्र शिकवत होते तेव्हाही. आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मी मुलींच्या वारसाहक्कावर त्याच घरातून निघून वर्गात जाऊन बोलत होते.

मी नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "तिने स्वतःहून दिलं. तिला कुणी जबरदस्ती केली का?"

"विचारलं का कुणी?"

"तुझं माहेरचं डोकं इथे आणू नकोस."

पण मला राहवेना. नाताळच्या सुट्टीत मी जळगावला गेले. नणंदेचा नवरा दुकानात होता. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून वांग्याच्या भरतासाठी मिरच्या भाजत होती. मी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, शेवटी सरळ विचारलं, "तू तेव्हा सही केलीस. तुला घरात हिस्सा पाहिजे होता का?"

मनातून मला खात्री होती की ती म्हणेल, छे, काहीतरीच काय. मी तेच ऐकायला गेले होते. ती नाही म्हणेल, मी विचारल्याचं समाधान घेऊन परत येईन, आणि माझ्या मनावरचं ओझं निम्मं होईल.

तिने गॅस बंद केला. "हो," ती म्हणाली. "पाहिजे होता."

तिने मिरच्या ताटलीत काढल्या.

"आताही पाहिजे," ती म्हणाली. "वरच्या दोन खोल्या. मी तिथे राहायला येणार नाही. पण माझ्या आहेत असं मला वाटायला पाहिजे. इथे काही झालं तर कुठे जायचं, हा विचार मी रोज करते. तुम्हाला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. तिच्या संसारात काही बरंवाईट आहे याचा मला अंदाज नव्हता, आणि तिने पुढे काही सांगितलंही नाही. पण मला आठवतं ते हे, की तिने "हो" म्हटल्याबरोबर मला तिच्याबद्दल वाईट वाटायच्या आधी माझ्या वरच्या खोल्या आठवल्या. एका खोलीत माझी पुस्तकं होती. दुसरीत मुलगा सुट्टीला आला की झोपतो. गच्चीवर जायचा जिना तिथूनच आहे. तिचा हक्क मला मान्य होता, आणि तरी मनात आलं की ही असं का बोलते, आता कशाला, इतक्या वर्षांनी.

परतीच्या गाडीत मी भावाचा विचार केला. यावलच्या त्या कचेरीत तो माझ्याकडे पाहत राहिला होता, तेव्हा त्याच्या मनातही आधी जमीनच आली असेल. बहीण नंतर आली असेल. मी त्याला त्याबद्दल मनातल्या मनात लोभी म्हणत आले होते.

नवऱ्याला सगळं सांगितल्यावर आमच्या घरात बरेच दिवस बोलणं कमी झालं. तो जेवायचा, ताट उचलून ठेवायचा आणि बाहेर पडायचा. एकदा म्हणाला, "तुझं शिक्षण तू माझ्यावर चालवतेस." त्यात काही खोटं नव्हतं. मीही वाद घातला नाही. मी एवढंच म्हटलं की वरच्या खोल्या दिल्या तर माझी पुस्तकं खाली आणायला मी तयार आहे. तो म्हणाला, "पुस्तकांचा प्रश्न नाही." ते मला ठाऊक होतं.

शेवटी तो स्वतःच एका रविवारी जळगावला जाऊन आला. बहिणीशी काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही. आल्यावर म्हणाला, "वकिलाला विचारलंय. बक्षीसपत्र करावं लागेल."

तिने एकदा हक्क सोडलेला होता, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते आता तिचं राहिलं नव्हतं. भावाने बहिणीला दिलेलं बक्षीस असंच ते लिहावं लागणार होतं. जे तिला जन्माने मिळालं होतं ते तिला भेट म्हणून घ्यावं लागलं, आणि दस्तात पुन्हा "प्रेमापोटी" हा शब्द आला. नणंदेने सही करताना चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कचेरीतून बाहेर आल्यावर तिने विचारलं, "वरच्या खोलीला कुलूप माझं लावलं तर चालेल ना?" नवरा म्हणाला, "चालेल." मी दुसरीकडे पाहिलं.

वहिनीने माझ्या तुकड्यात कांदेबाग, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर लावतात ती केळी, लावली. तिने स्वतः रोपं आणली, ठिबकच्या नळ्या स्वतः टाकून घेतल्या. बागेत गेल्यावर ती मला फोन करते आणि झाडं कशी आहेत ते सांगते. भाऊ तिला पाणी देतो. सुरुवातीला पाण्याची पाळी चुकवायचा, आता चुकवत नाही, असं ती म्हणते. निम्मं मी घेते. ते घेताना मला अपराधी वाटतं आणि नको म्हणायचं धाडस होत नाही, कारण नको म्हटल्यावर ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. तो तुकडा तिच्या नावावर करून द्यावा असंही पुष्कळदा मनात येतं. अजून केलेला नाही. खरं सांगायचं तर सातबाऱ्यावर माझं नाव पाहायला मला आवडतं. भावाचं मन मोडून मिळवलेलं असूनही आवडतं. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आई भावाकडेच आहे. मी जाते तेव्हा ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलते. भाऊ घरात असला तर बाहेर पडवीत जाऊन बसतो, नसला तर मी आल्याचं ऐकून उशिरा येतो. तो माझ्याशी भांडत नाही. मला कधीकधी वाटतं की भांडला असता तर बरं झालं असतं, पण तसं भांडायला त्याला सांगायचा हक्क मला कुठल्या कायद्याने आहे?

बक्षीसपत्र झालं त्या आठवड्यात एके संध्याकाळी नवरा गॅलरीत फोनवर बोलत होता. मी आत पेपर तपासत होते. बोलणं बरंच लांबलं. मधेच तो हसला. गेल्या कित्येक दिवसांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. आत आल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"तुझा भाऊ."

मला वाटलं आईला काही झालं. "काय झालं?"

"काही नाही. मीच लावला होता." तो खुर्चीवर बसला. "त्याला म्हटलं, भाऊ, तेव्हा तुम्हाला कसं वाटलं असेल ते आता मला कळलं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, तुम्ही दिलं ना पण? मी म्हटलं, दिलं. मग म्हणाला, बरं केलं."

आता ते दोघं दर आठवड्याला बोलतात. बोअरच्या पाण्याविषयी, केळीच्या भावाविषयी, राजकारणाविषयी. गावची, आईच्या गुडघ्यांची बातमी मला नवऱ्याकडून कळते. माझ्याबद्दल त्यांचं काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. तो फोनवर असला की मी हातातलं काम हळू करते आणि ऐकत राहते.